नागपुरात अल्झायमरच्या पेशंटसाठी अटेंडंट घेताय? आमचा आठ महिन्यांचा अनुभव

बाबांसाठी ब्युरोकडून दिवसपाळीची अटेंडंट घेतली त्याला आता आठ महिने होतील. ब्युरोचं नाव लिहीत नाहीये, कारण जे खटकलं तेही सगळं लिहिणार आहे, आणि दुसरं म्हणजे आम्ही आणखी तीन ठिकाणी फोन केले होते, तिथेही उत्तरं जवळपास हीच मिळाली. रेटिंग आधीच सांगून टाकते. ब्युरोला पाचपैकी दोन. त्यांच्याकडून सातव्या नंबरवर आलेल्या मावशींना पाचपैकी पाच. घरात अल्झायमरचा पेशंट असेल आणि अटेंडंट शोधून राहिले असाल तर थोडं लांबलं तरी पूर्ण वाचा, आम्हाला हे आधी कोणी सांगितलं असतं तर पहिले दोन महिने बाबांचे एवढे वाईट गेले नसते.

बाबा ७६ वर्षांचे. गांधीबागला कापडाच्या होलसेल दुकानात ३८ वर्षं काढली, आधी काउंटरवर, मग मुनीम. अल्झायमरचं निदान होऊन अडीच वर्षं झाली. विसरणं आम्ही सांभाळून घेतलं होतं, एकच प्रश्न दहादा विचारणं, चष्मा फ्रीजमध्ये सापडणं, हे सगळं होऊन जातं हो, माणूस शिकतो. खरी कसोटी लागली ती वागणं बदललं तेव्हा. मी त्यांचे पैसे चोरते असं ते शेजारच्या काकूंना जाऊन सांगायला लागले. पैसे निघाले तांदळाच्या डब्यात, त्यांनीच ठेवलेले, पण ते दाखवल्यावर म्हणाले की आता पकडली गेलीस म्हणून तिथे आणून ठेवलेस. त्या रात्री मी जेवले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या गल्ल्यातला एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही तो मला चोर म्हणतो, हे पोटात घालायला मला बरेच दिवस लागले.

मग धंतोलीतल्या न्यूरोलॉजिस्टकडे गेलो, त्यांनी एक गोष्ट सांगितली ती अजून डोक्यात आहे. हा आजार ज्या डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो त्या अलॉइस अल्झायमरकडे १९०१ मध्ये फ्रँकफर्टला जी ५१ वर्षांची बाई आणली होती, ऑगस्टे डेटर नावाची, तिच्या बाबतीत घरच्यांना आधी दिसलेल्या गोष्टींत विसरण्याबरोबर संशय पण होता, नवऱ्यावर घेतलेला. १९०६ मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू तपासला आणि त्याच वर्षी ती केस परिषदेत मांडली. म्हणजे पहिल्या नोंदलेल्या पेशंटपासूनच वागण्यातला बदल या आजाराचाच भाग आहे, माणूस वाईट झाला असं नाही. चोरीचा आळ हा तर यातला सगळ्यात जास्त दिसणारा भ्रम आहे म्हणे. वस्तू ठेवल्याचं आठवत नाही, मग नाहीशी कशी झाली याचं उत्तर मेंदू स्वतःच बनवतो, आणि जो सगळ्यात जास्त जवळ असतो त्याच्यावरच आळ येतो. हे ऐकलं आणि माझं रडणं थांबलं, खरं सांगते.

डॉक्टरांनी एक प्रश्नावली पण भरून घेतली, एनपीआय म्हणतात, १९९४ पासून जगभर वापरतात. भास होतात का, चिडतात का, उदास असतात का, झोप कशी, खाणं कसं, उगाच येरझारा घालतात का, असं एकेक विचारतात, किती वेळा होतं आणि किती तीव्र हे पण विचारतात. आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी, याचा तुम्हाला किती त्रास होतो? मला हे कोणी तरी पहिल्यांदाच विचारलं होतं. त्या कागदावरूनच ठरलं की दिवसा मदतीला कोणी तरी पाहिजे, कारण माझी नोकरी आहे, नवरा फिरतीवर असतो आणि दादा पुण्याला.

आता ब्युरोचं. फोन केला तर प्रश्न काय, पेशंटचं वजन किती, चालतात का, डायपर आहे का, नळी लावली आहे का. वागण्याबद्दल एकही प्रश्न नाही. मी स्वतःहून सांगितलं की अल्झायमर आहे, संध्याकाळी फार अस्वस्थ होतात, दार उघडून निघतात. तर सुपरवायझर म्हणाले, हो हो मॅडम, आमच्याकडे सगळे पेशंट होतात, बाई ट्रेन्ड आहे. ट्रेनिंग म्हणजे काय ते नंतर कळलं. बीपी बघणं, स्पंजिंग, डायपर बदलणं, कूस बदलणं. ही कामं त्या बायका चांगली करतात, त्यात नाव ठेवायला जागा नाही, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही सर्व्हिस मी डोळे मिटून सांगीन. पण आपलं माणूस धडधाकट चालतं आहे आणि त्याचं डोकं दुसऱ्याच काळात फिरून राहिलं आहे, तिथे हे ट्रेनिंग काहीच कामाचं नाही.

पैसे सांगते. ७५० रुपये रोज, सकाळी आठ ते रात्री आठ, आणि १५ दिवसांचं डिपॉझिट. पहिल्या तीन आठवड्यांत सहा बायका बदलल्या. कोणी दोन दिवस, कोणी चार, एक तर दुपारीच निघून गेली. ब्युरोच्या हिशेबाने बदली माणूस दिला की काम झालं, पण बाबांच्या हिशेबाने दर तिसऱ्या दिवशी घरात एक अनोळखी बाई येऊन त्यांचे कपडे काढायला बघते. मग त्यांनी हात उगारला तर चूक कोणाची? सुपरवायझर म्हणे पेशंट व्हायोलेंट आहे, रेट वाढवावा लागेल.

त्यातली एक, स्वभावाने वाईट नव्हती, पण बाबांनी आईबद्दल विचारलं की सरळ सांगायची, काकू गेल्या न काका, चार वर्षं झाली. खरंच आहे ते. पण बाबांसाठी ती बातमी प्रत्येक वेळी नवी असायची. दिवसातून तीनतीनदा ते आपल्या बायकोच्या जाण्याची बातमी पहिल्यांदा ऐकायचे आणि हमसून रडायचे, आणि रडण्याचं कारण अर्ध्या तासात विसरले तरी जीव घाबराच राहायचा, मग संध्याकाळी तो राग बाहेर यायचा. मी तिला समजावलं, तर म्हणे ताई खोटं कसं बोलाचं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही.

आणि मग तो दिवस. नोव्हेंबर संपत आलेला, साडेपाचलाच अंधारून येतं. पाचवी अटेंडंट मोबाइल बघत बसली होती, बाबा चप्पल घालून निघाले. आम्ही त्रिमूर्ती नगरला राहतो. चौकात ऑटो पकडला आणि गांधीबाग म्हणून सांगितलं, अगदी स्पष्ट. ऑटोवाल्याला तरी काय कळणार, स्वच्छ शर्ट, खिशाला पेन, बोलणं नीट. आम्ही इकडे गल्ल्या धुंडाळून राहिलो, नवरा जयताळ्याकडे, मी खामल्याकडे, आणि दीड तासाने अनोळखी नंबरवरून फोन, काका आमच्याकडे बसले आहेत, काळजी करू नका. बाबांच्या जुन्या दुकानाच्या बाजूच्या माणसाने ओळखलं होतं. भाडं त्यानेच दिलं, चहा पाजला. मी पोचले तर बाबा बंद शटरकडे बघत बसलेले, मला म्हणाले, "काहून गं, दुकान वाढवलं कोनं? चाबी तर माह्यापाशी हाय."

ब्युरोला कळवलं तर बाई बदलून देतो, एवढंच. आणि वरून सल्ला, डॉक्टरांना सांगून शांत राहायची गोळी सुरू करा मॅडम, सगळेच देतात, मग आमच्या बाईला पण त्रास नाही आणि तुम्हाला पण नाही. आम्ही एवढे थकलो होतो की तेच विचारायला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून समजावलं. ही अँटीसायकोटिक औषधं डिमेन्शिया (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) असलेल्या म्हाताऱ्या माणसांना दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्ये या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला, पक्षाघाताचा, पडण्याचा धोका वेगळाच. कधीच द्यायची नाहीत असं नाही, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल आणि बाकी सगळं करून झालं असेल तर कमीत कमी डोस, थोडे दिवस आणि मध्ये मध्ये तपासत राहायचं. पण अटेंडंटला सोपं जावं म्हणून गोळी, हे होणार नाही म्हणाले. आधी बघा की ते त्याच वेळी का बिघडतात, त्याच्या आधी काय झालेलं असतं, कोण होतं, दुखतं का, पोट साफ आहे का, पाणी किती पोटात गेलं. वहीत लिहा.

त्या वहीनेच एक गोष्ट दाखवली जी ब्युरोच्या लक्षात यायला पाहिजे होती, त्यांचा धंदाच हा आहे. या आजारात बऱ्याच जणांना दिवस मावळायच्या सुमारास जास्त त्रास होतो, सनडाउनिंग म्हणतात, मेंदूतलं दिवसरात्रीचं घड्याळच बिघडलेलं असतं, त्यात दिवसभराचा थकवा आणि कमी उजेड. बाबांचे वाईट तास पाच ते साडेआठ. आणि ब्युरोची शिफ्ट संपते आठला! म्हणजे साडेसातपासून बाईची आवराआवर, पिशवी भरणं, फोनवर ऑटोची बोलणी, आठला दार उघडणार, ती जाणार, मी ऑफिसातून येऊन धडपडत जागा घेणार. घरातलं कोणी तरी निघून राहिलं आहे हे बघून बाबाही निघायचे, यात नवल काय. आम्ही दहा ते दहा वेळ मागितली. ब्युरोने आधी नाही म्हटलं, असा टाइम नसतो म्हणे, मग रोजचे ५० वाढवून दिल्यावर जमलं. एवढ्या एका बदलाने निम्मा त्रास कमी झाला. तुम्ही घेणार असाल तर वेळेचं पहिल्या दिवशीच ठरवून घ्या, रात्री उशिरा घरी सोडायची सोय कोण करणार ते पण. आम्ही मावशींना रोज गाडीवर सोडतो.

आता मावशी. काटोलकडच्या, पन्नाशीच्या, चौथी शिकलेल्या. स्वतःच्या सासऱ्याचं केलेलं. पहिल्या दिवशी आल्या तर बाबांच्या अंगाला हात लावला नाही की बीपी मोजलं नाही. समोर खाली बसल्या आणि विचारलं, "काका, तुमी कापडाचं काम करे न? हे लुगडं कसं हाय सांगा बरं." बाबांनी पदर दोन बोटांत धरून चोळला आणि सुताचा काउंट, म्हणजे धागा किती बारीक ते, सांगितला. बरोबर होता की नाही देव जाणे, पण त्यांचा चेहरा मी दोन वर्षांत तसा बघितला नव्हता.

आणि संध्याकाळी पाचला बाबा उठले, दुकान वाढवायला जातो म्हणाले. मला वाटलं आता सुरू. मावशी म्हणाल्या, "वाढवाचं हाये न, चाला मंग, मी बी येतो." माझ्या जुन्या साड्यांचा ढीग पुढे टाकला. बाबांनी एकेक घडी घातली, हाताने वार मोजून, अगदी काठाला काठ लावून, मावशी मोजत गेल्या, एक, दोन, तीन. मग त्या घड्या कपाटात रचल्या. कुलूप लावलं. कुलूप दोनदा ओढून बघितलं, तसे ते दुकानाचं बघायचे. चाबी खिशात. देवाजवळ उदबत्ती. मग मावशी म्हणाल्या, "झालं काका, वाढवलं दुकान, आता घरी जेवाले चाला," आणि बाबा बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत आले आणि घरी आले. मी ओट्याजवळ उभी राहून रडले.

तेव्हापासून रोज दुकान वाढतं. तीच २२ लुगडी. खोटं कसं बोलाचं या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. मावशी खोटं बोलत नाहीत, बाबा ज्या संध्याकाळी आहेत त्या संध्याकाळी त्यांच्यासोबत जातात. आईबद्दल विचारलं तर मावशी उलट विचारतात, काकू पाटवड्या कशा करत होत्या? मग बाबा पाटवडीचा रस्सा सांगत बसतात आणि विचारायचं राहून जातं.

बाकी पण बऱ्याच गोष्टी त्यांनी नुसतं बघून ओळखल्या. गॅलरीच्या काचेच्या दारात संध्याकाळी बाबांना स्वतःचंच प्रतिबिंब दिसायचं आणि ते चोर आला म्हणून ओरडायचे, आम्हाला वाटायचं भास होतात. मावशींनी ऊन असतानाच पडदा ओढायला आणि ट्यूबलाइट लावायला सुरुवात केली, चोर बंद. आंघोळीला मारामारी व्हायची, ती शॉवरमुळे. डोक्यावर अचानक पाणी आलं की ते घाबरायचे. आता आधी खोबरेल तेल, नंतर स्टूल, बादली आणि तांब्या, पाणी पहिले पायावर, आणि नंतर तांब्या त्यांच्याच हातात द्यायचा. ज्या दिवशी नाही म्हणतात त्या दिवशी नाही, ओल्या टॉवेलने पुसून काढतात. ब्युरोच्या चार्टवर रोज आंघोळीची टिक लागते, तिथे सुपरवायझर कटकट करतात. करू देत.

मे महिन्याचं सांगणं जरुरी आहे. ४५ डिग्री, कूलर दिवसभर सुरू. आणि एकदम दोन दिवसांत बाबा वेगळेच झाले, रात्रभर जागे, मावशींना पण मारलं, हवेत हात हलवून काही तरी पकडत होते, मध्येच गळून जायचे. नातेवाइकांत कोणी आजार वाढला म्हटलं, कोणी बाहेरचं आहे म्हटलं. ब्युरोचा फोन, पेशंट बदलला मॅडम, दोन माणसं लागतील. मावशी एकच म्हणत होत्या, ताई, काका लघवीले जाऊन रडते, काहीतरी दुखून राहिलं. तपासली तर युरीन इन्फेक्शन. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं गेलं होतं, तहान लागली हे त्यांना सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले हा डेलिरियम आहे, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे डोक्याचा अचानक उडालेला गोंधळ, अल्झायमर असा दोन दिवसांत उडी मारत नाही, अचानक बदल झाला की आधी शरीरात कारण शोधा, इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, दुखणं, नवीन औषध, पाणी कमी. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर आठवड्याभरात बाबा बरेचसे पहिल्यासारखे झाले. आम्ही त्या ब्युरोच्या म्हणण्यावर गोळी सुरू केली असती तर काय झालं असतं हा विचार मला अजून झोपू देत नाही. आता दर तासाला मावशी दोन घोट पाजतात, स्वतःही पितात म्हणजे बघून ते पितात, सरबत, ताक, टरबुजाच्या फोडी, काहीही.

मावशींचं उणं काढायचं तर लिहिणं. वही त्यांच्याच्याने होत नाही. मग व्हॉट्सअपवर व्हॉइस नोट ठरवली, दिवसातून तीन, आणि खरं तर ते वहीपेक्षा चांगलं निघालं, त्यांच्या आवाजावरूनच दिवस कसा गेला ते कळतं. मी रात्री ऐकून वहीत उतरवते आणि डॉक्टरांना दाखवते.

जाताजाता दाराच्या अलार्मचं पण लिहिते, अनेक जण विचारतात. चुंबकाचा छोटा अलार्म सीताबर्डीवरून आणला होता. कामाचा आहे, पण दारावरच वाजणारा लावू नका, त्याच्या कर्कश आवाजाने बाबा एवढे दचकले की तासभर थरथरत होते. आम्ही तो बदलून ज्याची घंटी दुसऱ्या खोलीत वाजते असा घेतला. आणि सगळ्या शर्टांच्या आत फोन नंबर शिवून घेतला, गळ्यातलं कार्ड ते काढून फेकतात, शर्ट फेकत नाहीत, कापडाचा माणूस.

ब्युरोबद्दल शेवटची तक्रार, जी मला सगळ्यात जास्त लागते. आम्ही आता ८०० देतो, त्यातले मावशींच्या हातात ५०० पडतात. हे मला सहाव्या महिन्यात कळलं, त्यांनी सांगितलं नाही, मीच विचारलं. ज्या ब्युरोने त्यांना अल्झायमर हा शब्द सुद्धा समजावून सांगितला नाही तो रोजचे ३०० घेतो, आणि बदल्यात बदली माणूस सुद्धा वेळेवर देत नाही. मी सुपरवायझरना स्पष्ट सांगितलं की तुमच्या बायकांना महिन्यातून एक दुपार कोणा मानसोपचाराच्या डॉक्टरांसमोर बसवा, मावशींनाच शिकवायला उभं करा आणि त्याचे त्यांना पैसे द्या. बघतो म्हणाले. पुन्हा विचारलं तर पुन्हा बघतो.

तुम्ही घेणार असाल तर सकाळी अकराला ट्रायल घेऊ नका, अकराला बरेच पेशंट शांत असतात. बाईला संध्याकाळी पाच ते आठ बोलवा, तीन तासांचे पैसे द्या आणि ती बोलते कशी ते लांबून बघा. दुरुस्त करत बसते का, हात धरून ओढते का, की आधी थांबून बघते. आणि एकच बाई येईल, बदलली तर आधी दोन दिवस जुनीसोबत नवी बसेल, हे लिहून घ्या. आमच्याकडून हे राहिलं होतं.

सध्या ब्युरो मावशींना दुसऱ्या घरी पाठवायचं म्हणून राहिला आहे, तिकडे रेट जास्त मिळतो म्हणून. मावशींनी नाही सांगितलं आहे, काकांचं दुकान कोण वाढवणार म्हणाल्या. पुढच्या महिन्यापासून आम्ही त्यांना थेट ठेवणार आहोत, आम्ही आत्ता देतो ते पूर्ण पैसे त्यांना, महिन्याला चार सुट्ट्या, आणि सुट्टीच्या दिवशी दादा पुण्याहून येणार, त्याला लुगड्याची घडी घालायला बाबाच शिकवून राहिले आहेत. ब्युरो डिपॉझिट परत देतो का ते मिळाल्यावर इथेच लिहीन.